कागद तिथे असतात

शनिवारी ते कोणालाही काही करायला सांगत नसत. दार लावा, बसा, चहा घ्या, यांपैकी एक शब्दही नाही. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटची बेल विजेची, म्हणून मी दारावर टकटक करीत असे. ते दार उघडून बाजूला होत आणि म्हणत, "बाहेर वारा सुटलाय." याचा अर्थ, आत यावे. मग एका खुर्चीकडे पाहून म्हणत, "ही मोकळी आहे." याचा अर्थ, बसावे. खोलीत अंधारून आले असेल तर म्हणत, "आज आभाळ फारच खाली आलंय." मी उठून दिवा लावीत असे. दिवा लागला की ते वर पाहत, जणू हे कसे घडले याचे त्यांना नवल वाटे.

ते मुंबईचे बेने इस्राएली. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. "आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे," ते सांगत. "शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. तेल गेलं, गाव गेलं. घाणा बंद ठेवणं तेवढं मी चालू ठेवलंय."

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते काम करीत नसत, विस्तव किंवा वीज चालू करीत नसत, लिहीत नसत. दुसऱ्याला करायला सांगतही नसत. दुसऱ्याने आपण होऊन केले तर मात्र त्याचा लाभ घ्यायला त्यांची हरकत नसे. त्यांच्या धर्मशास्त्रात हे असेच आहे काय, मला ठाऊक नाही. त्यांच्या घरची रीत अशी होती.

"देवाला हे चालतं?" मी एकदा विचारले.

"देवाचं मला माहीत नाही. आईला चालायचं."

शुक्रवारी दुपारीच ते थर्मासमध्ये चहा भरून ठेवत. शनिवारी अकराला तो कोमट असे. कोमट चहा मला आवडत नाही. तो मी जवळजवळ चार वर्षे प्यालो.

आमची ओळख मेडनहेडची. तिथे एका जपानी कंपनीचे कार्यालय होते. यंत्रे जपानहून येत. ती आम्ही तपासून पुढे पाठवीत असू. मी तपासणी विभागात होतो. ते भाषांतर विभागात, म्हणजे तो विभाग ते एकटेच. यंत्रासोबतची माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत आणणे हे त्यांचे काम. झाकण उघडू नका. ओल्या हाताने स्पर्श करू नका. लहान मुलांपासून दूर ठेवा. निवृत्तीच्या समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना नुसत्या आज्ञा दिल्या. एकानेही वाचल्या नाहीत." जपानी साहेब सोडून सगळे हसले. साहेबांनी ते वहीत टिपून घेतले.

मला ते मोजपट्टी म्हणत. "तुम्ही माणूस कमी, मोजपट्टी जास्त." आक्षेप खरा होता. तपासणीत दोन केसांइतका फरक मी कधी सोडला नाही. जे दिसले ते लिहायचे, जसे दिसले तसे लिहायचे, आपल्या पदरचे काही घालायचे नाही आणि आपल्या मताने काही गाळायचेही नाही, ही मला लागलेली शिस्त. तिचा या हकिगतीशी संबंध आहे, म्हणून सांगितले.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जपानी कादंबरी मराठीत आणायला घेतली. मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनियरने कँटीनच्या टेबलावर पुस्तकांचे खोके ठेवले होते, ज्याला हवे त्याने न्यावे म्हणून. त्यातले हे एक. खुनांची कादंबरी. मी अशी पुस्तके वाचत नाही. ही मी ऐकली, आणि लिहूनही काढली.

समुद्रकाठच्या एका लहान गावात एक निवृत्त मास्तर राहतात. ते कुंचल्याने सुंदर अक्षर काढायला शिकवतात. शिकायला गावातल्या बायका येतात, काही पुरुष येतात. मास्तर कधी आवाज चढवत नाहीत. कोणाला कधी काही करायला सांगत नाहीत. फक्त शाई घोटता घोटता एखाद्या शिष्येला म्हणतात, "तुमच्या सासूबाईंना जिना आता जड जात असेल, नाही?" पंधरा दिवसांनी ती सासू जिन्यावरून पडून मरते. दुसऱ्या एकाला म्हणतात, "भाऊ फार गाढ झोपतो तुमचा. सुखी माणूस." गावात अशी तीन माणसे जातात. पोलीस मास्तरांच्या दारापर्यंत पोचतात आणि तिथेच थांबतात, कारण विचारायचे काय? मास्तरांनी कोणाला मारलेले नाही. मारायला सांगितलेले नाही. त्यांच्या तोंडचे एकही वाक्य असे नाही, जे शेजारच्या बाईने सहज म्हटले नसते.

"हे मराठीत कोण छापणार?" मी विचारले.

"कोणी नाही."

"मग कशासाठी?"

"आपल्याकडच्या गोष्टींत खून फार आरडाओरडा करून होतात. हा बघा, कसा चहा ओतल्यासारखा होतो. मराठीत असा होतो का, ते बघायचंय."

पहिल्याच शनिवारी त्यांनी मला पहिले प्रकरण सांगितले. पुस्तक मांडीवर, डोळे जपानी ओळींवर, तोंडून थेट मराठी. सांगणे म्हणजे काम नव्हे, असे त्यांचे मत. अर्धा तास मी ऐकले. वाक्ये चांगली होती. ती हवेत जात होती, याचे मला वाईट वाटले. मोजमाप घेऊन ते न नोंदवण्यासारखे ते होते. मी इकडेतिकडे पाहिले. तेव्हा ते पुस्तकातून डोके वर न काढता म्हणाले, "कागद तिथे असतात."

कपाटावर कागद होते. शेजारी टोक केलेली पेन्सिल होती. मी लिहू लागलो. तेव्हापासून दर शनिवारी अकरा ते एक ते बोलत आणि मी लिहीत असे. रविवारी ते माझे कागद घेऊन बसत, दुरुस्त्या करीत, आणि सोमवारी मी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवीत असे. अशा चौदा वह्या भरल्या.

काम फार हळू चाले, आणि त्याला कारण मास्तर. इतर पात्रांची वाक्ये ते भराभर पुढे नेत. मास्तरांचे वाक्य आले की गाडी थांबे. मास्तरांचे वाक्य नुसते बरोबर असून भागत नसे. ते लागू पडले पाहिजे. म्हणजे जिवंत मराठी माणसाला उद्देशून तसे काही म्हटल्यावर त्याने, न सांगता, काहीतरी केले पाहिजे. आयुष्यभर यंत्रे तपासणाऱ्या कंपनीत काढल्यामुळे त्यांना हे अगदी रास्त वाटे. जे वाक्य चाचणीत उतरले नाही, ते पुस्तकात जाणार नाही.

चाचणीसाठी माणसे होती. वरच्या मजल्यावर पुण्याचे एक तरुण जोडपे राहायला आले होते, दोघेही आयटीत. ती मुलगी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आली असता हे तिला म्हणाले, "वर बुटांचा आवाज होतो असं मला कधी वाटलेलं नाही हं."

"अय्या काका, होतो का आवाज?"

"मी तेच म्हणतोय. मला कधी वाटलं नाही."

त्याच शनिवार-रविवारी जोडप्याने वर कार्पेट टाकून घेतले. यांनी वाक्यासमोर बरोबरची खूण केली.

गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने एका शाळेचे सभागृह घेतले होते. अध्यक्ष दरवर्षी पाऊण तास बोलत. हे त्यांना भेटून म्हणाले, "तुमच्या भाषणाला लोक मागे उभे राहतात. भुकेले असतात, पण उभे राहतात. मला कौतुक वाटतं लोकांचं." अध्यक्षांनी चार मिनिटांत भाषण आटोपले. लोकांनी पहिल्यांदाच मनापासून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षही खूश होते. ते त्यांना स्वतःलाच सुचले होते.

"हे बरं नाही," मी परत येताना कारमध्ये म्हणालो.

"काय बरं नाही? लोक वेळेवर जेवले, ते?"

"माणसाला कळलं पाहिजे, आपल्याला कोणी काय करायला लावलंय ते."

"अहो मोजपट्टी, बायको करायला लावते ते कळतं का? तरी संसार होतात."

ते स्वतः अविवाहित. माझी पत्नी जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चुकलं." ते असेही होते. चूक कबूल करायला त्यांना एक शब्द पुरत असे.

माझी एकुलती एक मुलगी एडिनबराला, हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. जन्म इंग्लंडमधलाच. तिला मुलगी झाली त्या वर्षापासून ती मला तिकडे बोलावत होती. "बाबा, या ना. रूम रेडी आहे. खिडकी मोठा आहे, बाग दिसते." पहिल्या काही महिन्यांत मी दोनदा जाऊन आलो. नात तेव्हा पाळण्यात होती. कायमचे जायचे, हे तेव्हाच ठरले होते. घर विकायचे की भाड्याने द्यायचे एवढाच प्रश्न होता.

मी गेलो नाही. कारण विचारले असते तर मला सांगता आले नसते. घर होते, डॉक्टर ओळखीचा होता, शनिवार होता. या मधल्या काळात ते मला थांबा असे एकदाही म्हणाले नाहीत. म्हणत ते असे: "हे प्रकरण अजून नव्वद पानं आहे." किंवा, "मुलांकडे पाहुणा म्हणून गेलेलं बरं. पाहुण्याला चादर धुतलेली मिळते." शनिवारची बोलण्याची रीत हळूहळू त्यांच्या आठवडाभराच्या बोलण्यात उतरली होती. एकदा मी नोव्हेंबरचे तिकीट काढले होते. खोकी भरायला घेतली होती. त्या शनिवारी बोलता बोलता ते खिडकीबाहेर पाहून म्हणाले, "तिकडे अंधार लवकर पडतो. एकट्या माणसाला तो सोसत नाही." मी लिहीत होतो. सोमवारी मी तिकीट रद्द केले.

नात तीन वर्षांची झाली तेव्हा मुलगीच तिला घेऊन माझ्याकडे आली. यांनी आम्हाला शनिवारी जेवायला बोलावले, अर्थात गुरुवारीच. नारळाच्या दुधातली मासळी, भात, वर गव्हाच्या चिकाचा हलवा. सगळे आदल्या दिवशी केलेले आणि थंडगार. जेवताना त्यांनी नातीकडे पाहून सहज विचारले, "आजोबा कुठे आहेत तुझे?"

नातीने आईच्या पर्सकडे बोट केले. पर्समध्ये फोन होता.

"हे बघ, हे आजोबा," मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. नातीने माझ्याकडे नीट पाहिले आणि मान हलवली. नाही. ती रडली नाही, हट्ट केला नाही. तिला खात्री होती.

"लहान आहे ती, बाबा," मुलगी म्हणाली. "तिची चूक नाही."

"कोणाची आहे असं मी म्हटलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी त्या दिवशी हलवा खाल्ला नाही. गोष्टही पुढे सांगितली नाही. आम्ही निघालो तेव्हा ते दारात उभे राहिले आणि वाऱ्याबद्दल काही बोलले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, त्यांचा फोन आला. "तुम्ही इकडे या." एवढेच. मी चालत गेलो. टेबलावर नववी वही उघडी होती. शेवटच्या प्रकरणाआधी ते सगळे पुन्हा सुरुवातीपासून वाचत होते.

"हे वाचा," ते म्हणाले.

तो भाग मला आठवत होता. मास्तरांच्या वर्गात एक विधवा येते. तिचा मुलगा दूर उत्तरेच्या बेटावर नोकरीला आहे आणि तिला बोलावतो आहे. ती सामान बांधते. मास्तरांना ती गावात हवी आहे, कारण तिसरा मृत्यू तिच्या हातून व्हायचा आहे. ते तिला जाऊ नका म्हणत नाहीत. कुंचला धुता धुता बोलतात, आणि ती राहते. वहीत, माझ्या अक्षरात, मास्तरांच्या तोंडी शेवटचे वाक्य होते: तिकडे अंधार लवकर पडतो. एकट्या माणसाला तो सोसत नाही.

"चांगलं वाक्य आहे," मी म्हणालो.

"मूळ पुस्तकात नाही ते."

मला कळले नाही.

"मास्तरांचं बोलणं त्याच्या आधीच्या ओळीला संपतं. हे मी म्हटलं होतं. तुम्हाला."

मग मला कळले. शनिवारी ते सांगत आणि मी लिहीत असे. मधूनच ते पुस्तक सोडून माझ्याशी बोलत. कुठे पुस्तक संपले आणि कुठे ते सुरू झाले, हे आवाजावरून नेहमी कळत नसे. शनिवारी विचारायचे कसे? हे लिहू की नको, असे विचारले तर त्यांना लिहा म्हणावे लागले असते, आणि तसे ते म्हणणार नाहीत. म्हणून मी कानावर पडेल ते सगळे लिहीत असे. उपरे असेल ते रविवारी ते काढून टाकत. हे एक राहून गेले होते.

"रविवारी माझ्या डोळ्याखालून गेलं," ते म्हणाले. "दोनदा गेलं. माझी खूण आहे बघा बाजूला. लागू. मी ते मास्तरांचंच समजलो."

"राहून गेलं एखादं. काढून टाका."

"चाचणीत उतरलेलं वाक्य आहे. तुम्ही तिकीट रद्द केलंत."

त्यांनी वही मिटली.

"शेवटचं प्रकरण मी करणार नाही."

"चार वर्षं घालवली. एकच प्रकरण उरलंय."

"नको. त्या माणसाची भाषा मला यायला लागलीय."

मला राग आला. राग आला की मी कमी बोलतो. मी म्हणालो, "मला कोणी थांबवलेलं नाही. मी माझ्या मर्जीने राहिलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे डोळे मी प्रथमच असे पाहिले. एरवी ते पुस्तकावर किंवा खिडकीबाहेर असत.

"शेवटच्या प्रकरणात काय आहे, सांगतो," ते म्हणाले. "पोलीस त्या बाईला विचारतात, तुम्हाला कोणी थांबवलं? कोणी करायला लावलं? ती म्हणते, कोणी नाही. माझ्याच मनात आलं. आणि ती खोटं बोलत नाही. तिला खरंच तसं वाटतं. तिथे पुस्तक संपतं. आता तुम्ही म्हणता, माझी मर्जी. मी ते कसं मानू?"

"नका मानू."

"तुम्ही एडिनबराला जा," ते म्हणाले. "हे मी सुचवत नाही. सांगतोय."

"ठीक आहे," मी म्हणालो.

तीन आठवड्यांत मी निघालो. घर भाड्याने दिले. चौदाही वह्या त्यांनी माझ्या सामानात घातल्या. स्टेशनवर पोचवायला ते आले होते. बुधवार होता, त्यामुळे त्यांना बॅग उचलता आली. ते एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, अशी आम्ही ती डब्यात चढवली. "सांभाळून राहा," ते म्हणाले. 'जा'नंतर ही दुसरी आज्ञा.

न्यूकॅसल मागे पडल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यांनी जा म्हटल्यावर मी जात नाही असे म्हणायला हवे होते. माझी मर्जी माझी आहे, याचा एवढा एकच पुरावा मला देता आला असता. मी मात्र त्यांचे ऐकले. ट्रेन वेळेवर होती.

एडिनबराची खोली चांगली आहे. खिडकी खरेच मोठी आहे. नातीने मला स्वीकारायला दोन महिने घेतले. आता ती मला बूट घालायला लावते, सरळ हुकूम करून. "आजोबा, पाय वर." मुलीचे घर भरलेले असते. जावई सज्जन आहे. तक्रार करण्यासारखे काहीही नाही. शनिवारी अकराला मी टेबलापाशी बसतो. काही लिहायचे नसते. थोडा वेळ बसून उठतो.

मला कोणाची आठवण येते, असे सांगण्याची मला सवय नाही. त्यांच्या दारातून आत जाताना उजव्या हाताला बुटांसाठी वर्तमानपत्र पसरलेले असे. ते जुने असे, पण दर शुक्रवारी बदललेले असे. माझ्या बुटांखेरीज त्यावर दुसरे बूट मी क्वचित पाहिले. हे मला तिथे असताना दिसत होते. त्याबद्दल विचार इथे आल्यावर केला.

दर रविवारी दुपारी मी त्यांना फोन करीत असे. पण ते बदलले होते. त्यांनी स्वतःला एक नवा नियम घालून घेतला होता, आणि तो शनिवारच्या नियमापेक्षा कडक होता. ज्यातून दुसऱ्याला काही करावेसे वाटेल, असे काहीही बोलायचे नाही.

"कसे आहात?"

"आहे."

"थंडी कितपत आहे तिकडे?"

"आकडा हवा असेल तर सांगतो. चार डिग्री."

"जेवण वगैरे?"

"होतं."

"वर ते पुण्याचं जोडपं?"

"घर बदललं त्यांनी." मग घाईने, "त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ही फक्त माहिती."

मला हसू आले. मी त्यांना तसे सांगितले. तेही हसले, पण नियम सोडला नाही. पूर्वी तासभर चालणारे बोलणे दहा मिनिटांवर आले. शब्द, म्हणी, जपानी क्रियापदे यांवर ते मोकळेपणाने बोलत. स्वतःबद्दल प्रश्न आला की माहितीपुस्तिकेसारखे.

एकदा मीच म्हणालो, "इथे खोली मोठी आहे. दोन खुर्च्या बसतात खिडकीत."

"मोजपट्टी," ते म्हणाले, "हे सुचवणं झालं."

"मग?"

"मग काही नाही. लागू नाही पडलं."

सरळ सांगता आले असते. चार दिवस इकडे या, एवढेच. ते वाक्य तयार होते. मी ते पुढच्या रविवारी म्हणेन असे ठरवत असे. रविवार येत असे, दहा मिनिटे होत, फोन खाली ठेवला जाई. उन्हाळा गेला. ऑक्टोबरात त्यांचा आवाज बसलेला वाटला. "सर्दी?" मी विचारले. "नाही," ते म्हणाले. ते खरेच होते. सर्दी नव्हती.

डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी त्यांच्या भाचीचा फोन आला. ही त्यांच्या बहिणीची मुलगी, जन्मापासून लंडनची. मराठी समजते, बोलते बेताचे. दफन दुसऱ्याच दिवशी होते. त्यांच्यात थांबत नाहीत. मी दुपारची ट्रेन धरली.

दफनाला चौदा-पंधरा माणसे होती. प्रार्थना झाल्यावर प्रत्येकाने तीन फावडी माती टाकायची असते. फावडे कोणी कोणाच्या हातात देत नाही. आपले झाले की ते मातीत खोचून बाजूला व्हायचे; पुढच्याने आपण होऊन उचलायचे. मी उचलले. माती ओली आणि जड होती.

नंतर सगळे त्यांच्या फ्लॅटवर आले. माणसे थोड्या वेळाने गेली. भाचीने मला चहा करून दिला. चहा गरम होता. ती समोर बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"आजारी कधीपासून होते?" मी विचारले.

"सप्टेंबरपासून, अंकल. दोन वेळा हॉस्पिटलमध्ये होते. लास्ट मंथ तर फुल थ्री वीक्स."

सप्टेंबरपासून मी बारा-तेरा फोन केले होते. त्यांतले तीन त्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून घेतले होते. मी विचारले होते, कसे आहात. ते म्हणाले होते, आहे.

"मला काहीच बोलले नाहीत."

"आय नो." तिने नाक पुसले. "मी सांगितलं त्यांना, मामा, मी अंकलला रिंग करते. ते कधी असं रागवत नाही, पण एकदम रागवले. म्हणाले, नाही. अजिबात नाही. मी म्हटलं, पण का? ही इज युअर फ्रेंड. मग ते काय म्हणाले, माहीत आहे?"

मी चहाचा कप हातात घेतला.

"म्हणाले, कळवलं तर ते येतील."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला याचा अर्थ माझ्याकडून हवा होता. बाहेर चार वाजले होते आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते. मी कप खाली ठेवला.

"आलो असतो," मी म्हणालो.